अखंड सेवा आणि आज्ञावलीतील बदल

चालू यंत्रणा न थांबविता तिची आज्ञावली कशी बदलावी, हा प्रश्न दूरध्वनी केंद्रांपुढे फार लवकर उभा राहिला. 1965 मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतील सकसना येथे बेल कंपनीचे इलेक्ट्रॉनिक केंद्र सुरू झाले. चाळीस वर्षांत मिळून दोन तासांहून अधिक खंड पडू नये, असे त्याच्या रचनाकारांचे उद्दिष्ट होते. म्हणून नियंत्रक संगणक जोडीने बसविण्यात आले. एक बिघडल्यास दुसरा भार उचली. पुढे हीच जोडव्यवस्था आज्ञावली बदलण्याच्याही कामी आली. एकावर नवी आज्ञावली चढविली जात असता दुसरा सेवा देत राही.

परंतु जोडी यंत्राची होती, आज्ञावलीची नव्हे. डिसेंबर 1989 मध्ये एटी अँड टी कंपनीच्या 114 केंद्रांत एकच नवी आज्ञावली बसविली गेली. तीत सी भाषेतील ‘ब्रेक’ हा शब्द अस्थानी पडला होता. वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष होते, अर्थ तेवढा पालटला होता. अशी चूक भाषांतरक आज्ञावलीच्या नजरेस येत नाही! 15 जानेवारी 1990 रोजी न्यूयॉर्कमधील एक केंद्र किरकोळ बिघाडामुळे काही सेकंद थांबून पुन्हा चालू झाले. त्याचे संदेश लागोपाठ येऊन आदळताच शेजारची केंद्रेही थांबू लागली, आणि त्यांच्यामुळे आणखी दूरची. राखीव संगणकात तीच चूक असल्याने तोही निरुपयोगी ठरला. केंद्रांमधील संदेशांचा भार कमी करण्यात आला, तेव्हा सुमारे नऊ तासांनी जाळे पूर्ववत झाले.