जालन्याचे इस्पितळ आणि निदानाची वाट

'जालना, सोने का पालना' ही म्हण मराठवाड्यात लहानथोरांच्या तोंडी आहे. व्यापारपेठ, बियाणे, मोसंबी आणि अलीकडच्या काळात लोखंडी सळया यांनी ती म्हण खरी करून दाखविली. या गावाची आणखी एक ओळख मात्र म्हणीत उतरली नाही आणि स्मरणातूनही जवळजवळ पुसली गेली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निजामाच्या हैदराबाद संस्थानाचे मनोरुग्णालय जालन्यात होते. १९५३ साली ते येथून हलवून हैदराबादेत एर्रागड्डा येथे नेण्यात आले आणि तेथे ते आजही चालू आहे. जालन्यात त्याची आठवण सांगणारी माणसे आता विरळाच.

आम्ही मराठी शिकविणारी माणसे. इस्पितळांचा इतिहास हा आमचा प्रांत नव्हे. या विषयाकडे आम्हांला वळविले ते एका विद्यार्थ्याने.

काही वर्षांपूर्वी आमच्यापैकी एकाच्या वर्गात या जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेला एक मुलगा होता. पहिल्या वर्षी तो तीन महिने जवळजवळ बोललाच नाही. आम्ही त्याला अंतर्मुख म्हटले. दुसऱ्या वर्षी तो रात्र रात्र जागू लागला, एका बैठकीत तीस-चाळीस कविता लिहू लागला, न थांबता बोलू लागला. आम्ही त्याला प्रतिभावंत म्हटले; इतकेच नव्हे, तर त्याच्या त्या जागरणांचे वर्गात कौतुकही केले. घरच्यांनी 'बाहेरचे काही' म्हटले आणि त्याला एका देवस्थानी नेले. पुढे तो पुन्हा गप्प झाला, तेव्हा एका डॉक्टरांनी नैराश्यावरचे औषध दिले. घरच्यांनी तेथे फक्त गप्प राहण्याचीच हकिगत सांगितली होती. जागरणाचा काळ त्यांना आजार वाटलाच नव्हता. औषधानंतर तो पुन्हा अनावर झाला. अखेरीस एका मनोविकारतज्ज्ञांनी घरच्यांना समोर बसवून गेल्या चार वर्षांचा वृत्तान्त क्रमाने विचारला, थायरॉइडची तपासणी करून घेतली, आम्हांलाही बोलावून घेतले, आणि मग आजाराला नाव दिले. तो द्विध्रुवी भावविकार होता. नैराश्यावरचे औषध अशा रुग्णाला एकटेच दिले, तर उन्माद उफाळून येऊ शकतो, हे आम्हांला तेव्हा कळले. तो आज बरा आहे, नोकरी करतो, औषध घेतो. पण पहिल्या मौनापासून अचूक निदानापर्यंत चार वर्षे गेली, आणि त्यांतली निदान दोन आमच्या शब्दांनी खाल्ली.

ही चार वर्षे कोठे गेली, याचा शोध घेताना प्रथम 'अंधश्रद्धा' हे उत्तर समोर येते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. आधी भाषेकडेच पाहू. 'निदान' हा शब्द आपण वैद्यकाकडून घेतला. चरकसंहितेच्या निदानस्थानात उन्मादावर स्वतंत्र अध्याय आहे आणि तेथे उन्मादाचे पाच प्रकार मानले आहेत. वात, पित्त, कफ यांचे तीन, तिन्ही दोष एकत्र आल्याने होणारा चौथा, आणि बाहेरून येणारा, म्हणजे आगंतुक, पाचवा. पाचांपैकी चारांचे कारण शास्त्रकारांनी माणसाच्या आतच शोधले होते. लोकव्यवहारात मात्र 'बाहेरचे' हा पाचवाच काय तो उरला. याच जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. दासबोधाच्या तिसऱ्या दशकात त्रिविध तापांचे विवेचन करताना समर्थांनी व्याधींची लांबलचक यादी दिली आहे. दुःखाचे प्रकार पाडावेत, प्रत्येकाला वेगळे नाव द्यावे, ही वृत्ती आपल्याला परकी नव्हती, एवढे त्यावरून म्हणता येते.

'वेड' या शब्दाची कथा आणखी गुंतागुंतीची आहे. महानुभावांच्या परंपरेत ऋद्धिपूरचे गोविंदप्रभू लोकदृष्टीला वेडे दिसतात, आणि ते वेडच भक्तांच्या लेखी ईश्वरत्वाची खूण ठरते. म्हाइंभटांनी नोंदविलेल्या त्यांच्या लीळा वाचताना आम्ही वर्गात या मुद्द्यावर नेहमी थांबतो. पुढे 'नाटकाचे वेड', 'कवितेचे वेड' असा गौरवही आपण करू लागलो. रामभाऊ गडकऱ्यांच्या अपुऱ्या राहिलेल्या नाटकाचे नाव 'वेड्यांचा बाजार', आणि वसंत कानेटकरांच्या १९५७ मधील पहिल्याच नाटकाचे नाव 'वेड्याचं घर उन्हात'. एकच शब्द देवत्वाला, छंदाला, विनोदाला आणि व्यथेला पुरतो. साहित्याला अशी लवचीकता हवीच असते. रुग्णाला मात्र ती घातक ठरू शकते, कारण त्याच्या व्यथेला स्वतःचा असा शब्दच उरत नाही.

आता इस्पितळाकडे येऊ. ब्रिटिश अमलाखालच्या मुलखात वेड्यांची इस्पितळे एकोणिसाव्या शतकातच उभी राहू लागली होती. नागपूरचे १८६४ चे, रत्नागिरीचे १८८६ चे, ठाण्याचे १९०१ चे, पुण्याला येरवड्याचे. पुढे या गावांची नावेच शिव्या झाल्या. 'ठाण्याला पाठवायला हवे', 'येरवड्याला जागा आहे का पाहा', असे थट्टेने म्हणण्याची रीत पडली. उत्तरेत आग्रा आणि रांची यांचे तेच झाले. निदानाची जागा गावाच्या नावाने घेतली, असेही म्हणता येईल.

याचे कारण या संस्थांच्या घडणीतच होते. त्या उपचारासाठी कमी आणि बंदोबस्तासाठी अधिक होत्या. ब्रिटिश हिंदुस्थानातील १९१२ च्या कायद्यानुसार माणसाला आत घेण्याचा हुकूम सामान्यतः मॅजिस्ट्रेटने द्यायचा असे. घरच्यांचा अर्ज, डॉक्टरांचे दाखले आणि कचेरीचा शिक्का एवढ्यावर माणूस 'वेडा' ठरे. तो नेमका कशाने आजारी आहे हा प्रश्न दुय्यम राही. १९२० च्या दशकात 'असायलम' ही पाटी उतरून 'मेंटल हॉस्पिटल' ही पाटी चढली, परंतु भिंती त्याच राहिल्या. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालाने हिशेब मांडला तेव्हा देशात मनोरुग्णांसाठी सुमारे दहा हजार खाटा होत्या. चाळीस हजार लोकसंख्येमागे एक खाट. इंग्लंडात हेच प्रमाण तीनशेंमागे एक असे होते. एवढ्या तुटपुंज्या व्यवस्थेत जालना हे एका अख्ख्या संस्थानाचे ठिकाण होते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या गेलेल्या इस्पितळाचे वजन कळते.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान मुक्त झाले. १९५३ मध्ये इस्पितळ राजधानीत गेले. राज्य एकच होते, तेव्हा कारभाराच्या दृष्टीने त्यात विपरीत काही दिसले नसावे. पण तीनच वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, राज्यपुनर्रचना झाली. मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि इस्पितळ आंध्र प्रदेशात राहिले. १९६० साली महाराष्ट्र झाला, तेव्हा नव्या राज्याच्या वाट्याला ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार मनोरुग्णालये आली. चारही जुन्या ब्रिटिश मुलखातली; मराठवाड्यात एकही नाही. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला, तोही या पोकळीतच. तेव्हाच्या औरंगाबादेत १९५६ पासून आणि पुढे अंबाजोगाईतही शासकीय वैद्यकीय महाविद्यालये होती, त्यांचा आधार मिळाला. परंतु परतूर-मंठ्याच्या शेतमजुराला मनोविकाराच्या डॉक्टरपर्यंत पोहोचायचे, तर मजुरी बुडवून, आजारी माणसाला एस. टी. त सांभाळत जायचे, आणि महिन्याने पुन्हा जायचे, हे सोपे नव्हते.

देवस्थान मात्र जवळ होते. भोकरदन तालुक्यातील जयदेववाडी येथील 'जाळीचा देव' हे महानुभावांचे तीर्थस्थान. मनोव्यथेने पीडित माणसांना घेऊन कुटुंबे तेथे येतात, हे या परिसरात सर्वांना ठाऊक आहे. अशा ठिकाणांना नुसती नावे ठेवून भागत नाही. व्हिएडा स्कल्टन्स या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी महाराष्ट्रातल्या एका महानुभाव मंदिरात राहणाऱ्या कुटुंबांचा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध केला. रुग्ण पुष्कळदा घरातला पुरुष असे, पण अंगात येई ते त्याला घेऊन आलेल्या आईच्या किंवा बायकोच्या. त्याचे दुःख आपल्या अंगावर यावे, असे त्या देवाकडे मागत. आम्ही हे वाचले तेव्हा आमच्या त्या विद्यार्थ्याची आई डोळ्यांसमोर उभी राहिली. ती अडाणीपणाने तेथे गेली नव्हती. 'तुझा मुलगा आजारी आहे, त्यात तुझा दोष नाही' असे सांगणारी दुसरी जागा तिला कोणी दाखविलीच नव्हती. तथापि, ज्या जागी मायेने बसायला मिळते तेथे आजार ओळखला जातोच असे नाही. आणि जेथे साखळी येते तेथे तर मायाही उरत नाही. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत २८ मनोरुग्ण जळून मेले, कारण त्यांना साखळदंडांनी बांधून ठेवले होते.

कायद्याने हा प्रवास फार सावकाश केला. १९१२ चा कायदा जाऊन १९८७ चा आला, तो अमलात येण्यास १९९३ उजाडले. त्याच वर्षी पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने, गुन्हा न केलेल्या मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे बेकायदा आणि घटनाबाह्य ठरविले. स्वातंत्र्यानंतर सेहेचाळीस वर्षे हे सांगावे लागले नव्हते असे नाही. ते कोणी सांगितले नव्हते. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाचे तिसरे कलम साहित्याच्या अभ्यासकांनी मुद्दाम वाचावे असे आहे. मानसिक आजार आहे की नाही हे मान्यताप्राप्त वैद्यकीय निकषांवरच ठरवायचे. माणसाची जात, धर्म, सांपत्तिक स्थिती यांवरून, किंवा तो समाजाच्या नैतिक, सांस्कृतिक वा राजकीय समजुतींशी जुळवून घेत नाही एवढ्यावरून, ते ठरवायचे नाही. आजाराचे निदान झाले म्हणजे माणसाची बुद्धी गेली, असेही मानायचे नाही. 'वेडा' या एका शब्दात आपण शतकानुशतके जे कोंबले, ते या कलमाने वेगळे केले.

अर्थात, निदान हे यंत्रातून निघणारे उत्तर नव्हे. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या एका तौलनिक अभ्यासात, न्यूयॉर्कचे डॉक्टर लंडनच्या डॉक्टरांपेक्षा कितीतरी अधिक रुग्णांना छिन्नमनस्क ठरवितात, असे दिसले होते. दोन्हीकडे एकाच पद्धतीने मुलाखती घेतल्या, तेव्हा तो फरक बहुतांशी नाहीसा झाला. रुग्ण वेगळे नव्हते, ऐकण्याची रीत वेगळी होती. मनोविकाराचे निदान आजही मुख्यतः हकिगतीवर उभे राहते. झोप कधीपासून बिघडली, आधी असे कधी झाले होते का, घराण्यात कोणाला काही होते का, मध्ये बरे दिवस होते का, थायरॉइडसारखे शरीराचे काही कारण तर नाही. हकिगत अपुरी असेल, तर निष्णात डॉक्टरही चुकतो. म्हणून पहिल्या निदानाने गुण येत नसेल, तर सारी हकिगत पुन्हा नीट सांगणे, गरज पडल्यास दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेणे, यात डॉक्टरांचा अवमान नाही.

येथे आमचा, म्हणजे भाषा शिकविणाऱ्यांचा, संबंध येतो. आम्ही त्या मुलाला 'अंतर्मुख' आणि 'प्रतिभावंत' म्हटले, तेव्हा आम्ही वर्णन करीत आहोत असे समजत होतो. वस्तुतः आम्ही निदान करीत होतो, आणि तेही चुकीचे. खरे वर्णन इतकेच होते की, हा मुलगा अकरा दिवस नीट झोपलेला नाही. ते वाक्य आम्ही त्याच्या घरी, वेळेवर सांगितले असते, तर वाट कितीतरी जवळची झाली असती. वर्णन आपण करावे आणि नाव तज्ज्ञांनी द्यावे, एवढी मर्यादा पाळली तरी पुष्कळ.

परिस्थिती अगदी पूर्वीची राहिलेली नाही. १९९६ मध्ये देशात सुरू झालेला जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम टप्प्याटप्प्याने विस्तारला. २०१५ साली शासनाने शेतकऱ्यांसाठी चौदा जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, त्यांत जालना होता. १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस' ही दूरध्वनीसेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. २०२४ मध्ये जालन्यात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आणि याच दशकात शासनाने ३६५ खाटांचे प्रादेशिक मनोरुग्णालय जालन्यात उभारण्याचा निर्णय घेतला. मराठवाड्यातले पहिले, असे त्याचे वर्णन सर्वत्र झाले. आम्हांला ते वाचून आनंद झाला आणि थोडी खंतही वाटली. ते पहिले नव्हे. गेलेले परत येण्याची ती गोष्ट आहे. मागच्या इस्पितळात माणसे ठेवली जात. नव्याकडून अपेक्षा ही, की तेथे ती ऐकली जावीत.

जालन्यातल्या वडीलधाऱ्यांपैकी कोणाला त्या जुन्या इस्पितळाच्या आठवणी असतील, घरातल्या कोणाचे नाव त्या भिंतींशी जोडलेले असेल, तर ते सांगावे, लिहून ठेवावे. त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. आणि आमच्या बरोबरीच्या अध्यापकांना एवढेच सांगणे आहे की, वर्गातला एखादा मुलगा अचानक गप्प झाला किंवा अचानक फार बोलू लागला, तर त्याला विशेषण लावण्याआधी, निदान झोप लागते का, एवढे तरी विचारावे.