फीत-कॅमेरा, अंकीय

चित्र व ध्वनी यांचे अंकीय स्वरूपात चुंबकीय फितीवर मुद्रण करणारा, एका हातात धरता येणारा व्हिडिओ कॅमेरा. कॅमेरा व मुद्रक एकाच पेटीत सामावलेल्या या साधनास व्यवहारात ‘कॅमकॉर्डर’ किंवा ‘हँडीकॅम’ म्हणतात. १९९५ ते सु. २०१० या काळात घरगुती व लहान व्यावसायिक चित्रणासाठी त्याचा जगभर प्रसार झाला. महाराष्ट्रातील लहान शहरांतून व खेड्यांतून, उदा., जालना जिल्ह्यात, लग्नसमारंभ, हरिनाम सप्ताह, शालेय स्नेहसंमेलने व सभा यांच्या चित्रणाची जी पद्धत रूढ झाली, तिच्यात या साधनाचा मोठा वाटा आहे.

इतिहास : व्यावहारिक व्हिडिओ फीतमुद्रक १९५६ मध्ये अमेरिकेतील अँपेक्स कंपनीने पुढे आणला. घरगुती वापराचा एकसंध कॅमेरा-मुद्रक १९८३ मध्ये सोनी या जपानी कंपनीने विक्रीस काढला. तो व त्यानंतरची व्हीएचएस व ८ मिमी. फितींची यंत्रे सदृश पद्धतीची होती. त्यांत प्रत्येक नकलेगणिक चित्र पुसट होत जाई. १९९५ मध्ये ‘डीव्ही’ ही अंकीय पद्धती आली आणि हा दोष दूर झाला, कारण अंकांची नक्कल मूळ मुद्रणाइतकीच अचूक असते. सोनीने १९९९ मध्ये जुन्या ८ मिमी. फितीवर अंकीय मुद्रण करणारे ‘डिजिटल-८’ कॅमेरेही काढले.

रचना व कार्य : मिनी-डीव्ही कॅसेट ६६ × ४८ × १२·२ मिमी. आकाराची असून तिच्यातील फीत ६·३५ मिमी. रुंद असते. भिंगातून आलेली प्रतिमा प्रकाशसंवेदी चकतीवर पडते. तेथील विद्युत् संदेशाचे अंकांत रूपांतर होऊन त्याचे सु. पाचास एक या प्रमाणात संकोचन केले जाते. मुद्रणशीर्षे बसविलेला लहान दंडगोल मिनिटास ९,००० फेरे घेतो व फितीवर तिरपे पट्टे उमटवितो. भारतात प्रचलित असलेल्या पाल पद्धतीत सेकंदास २५ चित्रे असतात व प्रत्येक चित्र १२ पट्ट्यांत साठविले जाते. सामान्य गतीत पट्टा १० मायक्रोमीटर रुंद असतो. चित्राचे विभेदन ७२० × ५७६ बिंदू इतके असते. साठ मिनिटांच्या मुद्रणाची माहिती संगणकावर उतरविल्यास सु. १३ गिगाबाइट जागा व्यापते आणि उतरवून घेण्यास तितकाच, म्हणजे एक तास लागतो.

दैनंदिन कामगिरी : उजेडात या कॅमेऱ्याचे चित्र व्हीएचएसपेक्षा स्पष्टपणे सरस असे. अंधुक प्रकाशात मात्र लहान प्रकाशसंवेदी चकतीमुळे चित्र दाणेदार होई. त्यामुळे रात्रीच्या वरातीत प्रखर हॅलोजन दिवा सोबत धरावा लागे. मांडवाच्या कनातीमागे ऊन असल्यास स्वयंचलित प्रकाशनियंत्रणामुळे वधूवरांचे चेहरे काळवंडत. अंगभूत ध्वनिग्राहक बँडच्या आवाजाने भारावून जाई, तर शांततेत फितीच्या चलित्राची घरघर टिपी. कॅसेट तासाभराची असल्याने मंगलाष्टकांपूर्वी ती बदलून घेणे हे छायाचित्रकाराचे व्यवधान असे. काही नमुन्यांत कॅसेटचे दार खालच्या बाजूस असल्याने त्यासाठी कॅमेरा तिपाईवरून उतरवावा लागे. संथ गतीने मुद्रण केल्यास ६० मिनिटांच्या फितीवर ९० मिनिटे मावत. पण पट्टे अरुंद झाल्याने ती फीत दुसऱ्या यंत्रावर नीट चालेलच असे नसे.

परदेशस्थ नातेवाइकांनी अमेरिकेहून आणलेले कॅमेरे एनटीएससी पद्धतीचे, सेकंदास सु. ६० क्षेत्रांचे असत. येथील वीजपुरवठा ५० हर्ट्‌झचा असल्याने ट्यूबलाइटखाली त्यांच्या चित्रात लुकलुक दिसे.

जालना जिल्ह्यात लगीनसराई ऐन उन्हाळ्यात येते व एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४०° से. च्या वर जाते. उलट अशा कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तकांत सामान्यतः ०° ते ४०° से. ही कार्यमर्यादा दिलेली असे. काळ्या मातीची धूळ मुद्रणशीर्षावर बसल्यास चित्रात चौकोनी तुकडे उमटत. एक शीर्ष पूर्ण बुजल्यास चित्राचे आडवे पट्टेच नाहीसे होत. २००५ नंतरच्या काही वर्षांत राज्यात दीर्घ भारनियमन असल्याने भारित केलेल्या जादा विद्युत् घटमाला जवळ बाळगणे अपरिहार्य झाले.

सामाजिक परिणाम : चित्रपटाच्या कच्च्या फिल्मचा खर्च ज्यांना परवडत नव्हता, त्यांच्या हाती व्हिडिओमुळे चित्रणाचे साधन आले. मालेगाव (जि. नाशिक) येथे नासिर शेख यांनी स्थानिक कलावंतांना घेऊन अल्प खर्चात ‘मालेगाव के शोले’ (२०००) हा व्हिडिओपट केला, तेथील या उद्योगावर फैझा अहमद खान यांचा ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ (२००८) हा माहितीपट आहे. खेड्यापाड्यांत मात्र या साधनाचे मुख्य कार्य कौटुंबिक स्मृती जपण्याचे होते. ज्या घरांत आजोबा-आजींचे एखादेच छायाचित्र होते, तेथे त्यांचे बोलणे, चालणे व हसणे प्रथमच टिकून राहिले.

ऱ्हास व जतन : स्मृतिपत्रकावर मुद्रण करणारे कॅमेरे व पुढे स्मार्टफोन आल्यावर २०१० च्या सुमारास फीत मागे पडली. बहुतेक कुटुंबांना मूळ फीत मिळालीच नाही. छायाचित्रकार व्हीसीडी अथवा डीव्हीडी देत आणि तीच फीत पुढच्या लग्नास वापरीत. व्हीसीडीचे विभेदन ३५२ × २८८ बिंदू असून तिच्यातील चित्राची माहिती सेकंदास सु. १·१५ मेगाबिट, म्हणजे डीव्ही फितीवरील २५ मेगाबिटांच्या विसाव्या हिश्श्याहूनही कमी असते. म्हणून ज्यांच्याकडे मूळ फिती उरल्या आहेत, त्यांचे मोल अधिक आहे. २००० च्या सुमारास मुद्रित झालेल्या फितींना दोन तपांहून अधिक काळ लोटला आहे. त्या पूर्ण गुंडाळून, उभ्या, थंड व कोरड्या जागी ठेवाव्या लागतात. जालन्याचे कोरडे हवामान बुरशीच्या दृष्टीने कोकणापेक्षा अनुकूल, पण पत्र्याच्या घरातील उष्णता घातक ठरते. खरा धोका मात्र फितीपेक्षा यंत्राचा आहे : चालू स्थितीतील कॅमेरे दुर्मिळ होत असून त्यांना जोडण्याची फायरवायर खाच नव्या संगणकांत नसते. फीत शाबूत असूनही ती वाचणारे यंत्र न उरल्यास तिच्यावरील माणसे पुन्हा दिसणार नाहीत. त्यामुळे यंत्रे उपलब्ध आहेत तोवरच या फितींचे संगणकीय प्रतिमुद्रण करून घेणे इष्ट ठरते.