शब्दवेध : स्टेडियम

‘स्टेडियम’ हा शब्द मराठीत इंग्रजीतून आला, इंग्रजीत लॅटिनमधून आणि लॅटिनमध्ये ग्रीक ‘स्टेडिऑन’वरून. मुळात हे अंतराचं माप, सहाशे ग्रीक फुटांचं. ऑलिंपियात ते सुमारे १९२ मीटर भरतं. तेवढ्या पल्ल्याच्या शर्यतीला तेच नाव पडलं आणि पुढे शर्यतीच्या जागेलाही. परंपरा सांगते, की इ.स.पू. ७७६मध्ये ही शर्यत कोरॉइबोस नावाच्या स्वयंपाक्याने जिंकली.

चिलीत या शब्दाला भयंकर अर्थ चिकटला. सप्टेंबर १९७३मध्ये पिनोशेच्या लष्कराने सत्ता बळकावली आणि सांतियागोच्या राष्ट्रीय स्टेडियमची छळछावणी केली. कपडे बदलण्याच्या खोल्यांत हजारो कैदी कोंबले. त्याच मैदानावर चिली आणि सोव्हिएत संघ यांच्यातला फुटबॉल विश्वचषकाचा पात्रता सामना ठरलेला होता. ‘फिफा’चे प्रतिनिधी पाहणी करून गेले आणि त्यांनी मैदान खेळण्याजोगं ठरवलं. सोव्हिएत संघाने यायला नकार दिला. २१ नोव्हेंबरला चिलीच्या खेळाडूंनी एकट्यानेच चेंडू पुढे नेला आणि कर्णधार वाल्देसने रिकाम्या गोलजाळ्यात मारला. चिली पात्र ठरला.

खेळात राजकारण नको, असं आजही ऐकवलं जातं. सोव्हिएत राजवट काही लोकशाहीची पाईक नव्हती. तरी तो नकार रास्तच होता. राजकारण त्या मैदानात आणलं ते बंदुकांनी. गवत हिरवं आहे एवढंच पाहून परतणारे तटस्थ नसतात, ते जुलमाला हातभार लावतात.