शिष्यवृत्ती मिळाली, राहायचे कुठे?

सातारच्या सरकारी इंग्रजी शाळेच्या रजिस्टरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या मुलाची नोंद झाली. आज ती शाळा प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखली जाते आणि तो दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. पुढे १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी याच मुलाला अमेरिकेला पाठवले. दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. ही गोष्ट आपल्याला पाठ असते. शिष्यवृत्तीचे महत्त्व सांगणाऱ्या प्रत्येक भाषणात ती येते.

तिचा पुढचा भाग मात्र भाषणांत फारसा येत नाही. १९१७ मध्ये बाबासाहेब करारानुसार बडोद्याच्या नोकरीत रुजू व्हायला गेले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी विश्रामगृहात नाव बदलून राहिले, तर काठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना बाहेर काढले. कोलंबियात शिकून आलेला माणूस, संस्थानचा अधिकारी, आणि रात्री डोके टेकायला छप्पर नाही. त्यांच्या आठवणींत १९३४ चा दौलताबादच्या किल्ल्यावरचा प्रसंगही आहे. तिथल्या हौदाचे पाणी बाटवले म्हणून अंगावर धावून आलेले लोक मुसलमान होते. बडोद्याचा प्रसंग सांगताना आपण हा वगळू नये.

शिष्यवृत्तीने फी भरता येते. पण राहायचे कुठे, जेवायचे कुणाच्या पंक्तीला, हा प्रश्न पैशाने सुटत नाही. सातारा-सांगलीच्या मातीत या प्रश्नाला शंभर वर्षांपूर्वी एक उत्तर दिले गेले, म्हणून हा लेख.

भाऊराव पाटील जन्माने जैन. जन्म १८८७, कुंभोजचा. बालपण ऐतवडे बुद्रुकला गेले. ते गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होते, आज सांगलीत आहे. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले, त्यामुळे भाऊरावांवर दोन्ही जिल्हे हक्क सांगतात. कोल्हापुरात ते जैन बोर्डिंगात राहून शिकत होते. अस्पृश्य मुलांसाठीच्या मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला गेले आणि परतल्यावर आंघोळ करायला नकार दिला, म्हणून त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. म्हणजे छप्पर जाणे म्हणजे काय, हे त्यांना स्वतःच्या अनुभवाने माहीत होते.

त्या काळच्या कोल्हापूरचे मोठेपण मी कमी लेखत नाही. शाहू महाराजांनी १९०२ मध्ये नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या. १९०६ मध्ये मोहामेडन एज्युकेशन सोसायटी काढून मुस्लीम मुलांच्या बोर्डिंगची सोय केली. पण त्या व्यवस्थेत साधारणपणे प्रत्येक समाजाचे बोर्डिंग निराळे होते. मराठ्यांचे एक, जैनांचे एक, मुसलमानांचे एक. कुणालाच कुणी आत घेत नसताना तेच शक्य होते.

भाऊरावांनी पुढचे पाऊल टाकले. आज सांगली जिल्ह्यात असलेल्या दूधगावात सर्व जातींच्या मुलांसाठी विद्यार्थी आश्रम काढण्यात ते होते. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळ काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन झाली. १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू झाले. त्याचे 'छत्रपती शाहू बोर्डिंग' असे नामकरण २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते झाले. तिथे महार, मांग, मराठा, जैन, मुसलमान अशी पोरे एकाच चुलीवरचे खात. ज्या गावात पंचवीस वर्षांपूर्वी एका मुलाला वर्गात वेगळे बसावे लागत होते, त्याच गावात हे घडले.

पैसा कुठून आला? गावोगावच्या मूठभर धान्यातून, मुलांच्या अंगमेहनतीतून आणि लक्ष्मीबाई पाटलांच्या दागिन्यांतून. त्यांनी अंगावरचे सोने मोडले, शेवटी मंगळसूत्रही दिले, आणि १९३० मध्ये त्या गेल्या. आपण कर्मवीर म्हणतो तेव्हा एकच माणूस डोळ्यांसमोर येतो. खरे तर ती चूल लक्ष्मीबाईंची होती.

आपल्या भागातल्या मुलाणी, अत्तार, तांबोळी, शिकलगार घरांत 'रयतमध्ये शिकलो' हे अभिमानाने सांगणारे बुजुर्ग आजही भेटतात. रयतच्या सातारच्या लॉ कॉलेजला इस्माईलसाहेब मुल्ला यांचे नाव आहे. आपल्या तरुणांपैकी किती जणांना ते ठाऊक आहे?

आता आजचे बघू. २०२२ च्या शेवटी केंद्र सरकारने अल्पसंख्याकांची पहिली ते आठवीची शिष्यवृत्ती थांबवली. डिसेंबरात मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिपही बंद होत असल्याचे लोकसभेत सांगितले गेले. त्या फेलोशिपमध्ये मुसलमानांबरोबर ख्रिस्ती, शीख, बौद्ध, पारशी आणि जैनही होते. आपण संतापलो, निवेदने दिली, ते योग्यच होते. पण ज्यांना शिष्यवृत्ती मिळते, त्या मुलांचे काय? पुण्यात खोली शोधणाऱ्या माझ्या ओळखीच्या मुलांना घरमालक आधी आडनाव विचारतात. मग 'फॅमिलीलाच देतो' असे उत्तर येते. १९१७ च्या मानाने हे सभ्य आहे, इतकेच.

भाऊरावांच्या योजनेला एक प्रश्न मात्र विचारावासा वाटतो. 'कमवा आणि शिका' ही कल्पना १९४७ मध्ये सातारच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात उभी राहिली. मुले शेतात राबत, दगड फोडत आणि शिकत. फीच्या जागी घाम. गरिबाला भीक न वाटता शिकता आले, हे तिचे सौंदर्य. पण ज्याचा पाय चालत नाही, ज्याला दिसत नाही, त्याने कुदळ कशी धरायची? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने एकवीस प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता दिली आणि सरकारी व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान पाच टक्के जागा राखल्या. जागा मिळते, शिष्यवृत्तीही मिळू शकते. मग वसतिगृहाची खोली दुसऱ्या मजल्यावर निघते, संडासाला पायऱ्या असतात आणि मेस रस्त्यापलीकडे असते. अंध मुलाला टेलिफोनवर बसवता येईल, व्हीलचेअरवरच्या मुलीला ग्रंथालयाच्या संगणकावर. कमवण्याची कामे बदलता येतात, पण आधी ती मुले आवारात राहू शकली पाहिजेत.

मिरज, सांगली, कऱ्हाड, सातारा इथल्या आपल्या जमाती आणि ट्रस्ट दर जूनमध्ये वह्या वाटतात, गुणवंतांचे सत्कार करतात, काही जण झकातीतून फीही भरतात. त्याच मंडळींपुढे माझे एक म्हणणे आहे. चार गावांनी मिळून कॉलेजजवळ एखादी इमारत भाड्याने घ्यावी. तळमजल्यावरच्या दोन खोल्या उतार आणि रुंद दारासह दिव्यांग मुलांसाठी ठेवाव्यात. मुलींसाठी वेगळी सोय पहिल्याच वर्षी करावी, 'पुढे बघू' म्हणू नये. आणि दारावर फक्त मुस्लीम बोर्डिंग अशी पाटी लावू नये. मातंग, धनगर, मराठा, ज्याला खोली मिळत नाही तो आत यावा. स्वयंपाकाचे काय, असा प्रश्न पहिल्याच बैठकीत निघेल. साताऱ्यातही १९२४ मध्ये तो निघालाच असणार.