पिवळ्या पाटीखालची रांग

साल १९८३. तुम्ही उल्हासनगरात राहता आणि बहीण इंदूरला बाळंतपणासाठी दवाखान्यात आहे. सकाळीच ट्रंक कॉल बुक केलाय, दुपार टळली तरी लाइन लागत नाही. ‘अर्जंट’ करायचा तर दर दुप्पट. स्वतःच्या फोनसाठी नाव नोंदवून वर्षं उलटलीत. आणि या गावात तर घराघरातलं कुणी ना कुणी लांब. फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं इथल्या लष्करी बराकींत राहिली. त्यांचे सख्खे कुणी अजमेरला, कुणी अहमदाबादला, कुणी धंद्यासाठी पार लागोसला. खुशाली कळते ती पोस्टकार्डानं, तीही शिळी.

आता दिल्लीला चला, ऑगस्ट १९८४. समोर सॅम पित्रोदा आहेत. ओडिशातल्या टिटलागढचा हा गुजराती मुलगा १९६४ मध्ये शिकागोला शिकायला गेला, वेस्कॉम कंपनीत त्यानं डिजिटल स्विच घडवले, रॉकवेलनं ती कंपनी घेतल्यावर तिथे उपाध्यक्ष झाला. इथे सरकारचं काम तो वर्षाला एक रुपया पगारावर करणार आहे. सोबत दूरसंचार अभियंते मीमांसी, आणि मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले एम. व्ही. पिटके. सी-डॉट या नव्या सरकारी दूरसंचार संशोधन केंद्राच्या हाती ३६ महिने आणि ३६ कोटी रुपये. हवंय काय, तर १२८ लाइनींचं, एसीशिवाय चालणारं, खेड्यातली धूळ-उकाडा सोसणारं टेलिफोन एक्स्चेंज.

त्या एका रुपयाचं कौतुक पुष्कळ झालं. मला त्याहून मोठी वाटते ती पित्रोदांची एक जिद्द: फोन घरोघरी पोचेपर्यंत थांबायचं नाही, तो आधी नाक्यावर आणायचा. नाक्यावरच्या या सार्वजनिक फोनचे (पीसीओचे) बूथ देताना अपंगांना प्राधान्य मिळालं, म्हणजे कित्येकांची चूलही त्यावर पेटली.

१९९०. अंबरनाथ स्टेशनबाहेर या. ऑर्डनन्स फॅक्टरीची पाळी सुटलीय, विम्को काडेपेटी कारखान्याचे कामगारही गर्दीत आहेत. पिवळ्या पाटीवर ‘एसटीडी-आयएसडी-पीसीओ’. काचेचं दार ओढून घेता, शून्य-सात-तीन-एक फिरवता आणि इंदूरची घंटा वाजते. लगेच! बहिणीची लेक फोनवर पाढे म्हणून दाखवतेय, तुमचे डोळे मात्र मीटरच्या पळत्या लाल आकड्यांवर. बदलापूरची लोकल चुकली तर चुकली. पाचाचा पाढा संपतो, ती सहाचा सुरू करते, आणि मागचे गृहस्थ काचेवर टकटक करतात: ‘‘भाऊ, आटपा, मलाही हाँगकाँग लावायचंय!’’