बाबराच्या आत्मचरित्रांतील गेंडा व अभयारण्यांच्या मर्यादा

स्वाऱ्या, तह आणि सनदा यांची चिकित्सा करितांना त्याच कागदांतील वन्य पशूंचे उल्लेख आम्ही संशोधक बहुधा वाचून सोडून देतों. परंतु हवामान झपाट्यानें पालटत असतां कोणत्या सस्तन प्राण्यासाठीं कोणती भूमि राखावी, हा प्रश्न आज उभा आहे. व त्यामुळें अशा उल्लेखांस पुराव्याचें मोल आलें आहे. हें एका प्राण्याच्या उदाहरणानें दाखवावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु.

बाबरानें तुर्की भाषेंत लिहिलेल्या आत्मचरित्राचें फारसी भाषांतर अब्दुर रहीम खानखानान यानें इ. स. १५८९ मध्यें अकबरास सादर केलें. त्यांत इ. स. १५१९ च्या आरंभीं सिंधुनदाच्या पश्चिमेस स्वाती येथें, आणि पुन्हा १५२५ च्या डिसेंबरांत बिग्राम म्हणजे पेशावरच्या परिसरांत, गेंड्यांच्या शिकारीची हकीकत आहे. हिंदुस्थानच्या पशूंचें वर्णन करितांना पेशावर व हश्तनगर येथील जंगलें, सिंधु व भेरा यांमधील रान आणि शरयूचा कांठ हीं गेंड्याचीं स्थानें म्हणून त्यानें सांगितलीं आहेत.

ही साक्ष ग्राह्य कां धरावी? लेखक स्वतः शिकारींत हजर होता. प्रसंग कालनिर्दिष्ट आहेत. आणि नाकावरील एका शिंगाचें वर्णन दुसऱ्या कोणत्याहि पशूस लागू पडत नाहीं. आपल्याकडील कागदांविषयीं इतकें निःशंक राहतां येत नाहीं. नुसता ‘वाघ’ हा शब्द पट्टेरी वाघास आणि बिबळ्यास सारखाच लावलेला आढळतो. ‘चित्ता’ या शब्दाचीहि तीच गत. अशा ठिकाणीं वर्णन, स्थळ व तिथि यांचा मेळ बसल्यावांचून निर्णय करूं नये.

आज भारत व नेपाळ मिळून सुमारें ४ हजार गेंडे आहेत, ते ब्रह्मपुत्रेचें खोरें व तराई एवढ्यांतच. केवळ हीं स्थानें पाहून गेंड्यास मानवणाऱ्या हवामानाची मर्यादा आंखली, तर ती खोटी ठरेल. कारण पेशावरचा प्रदेश तराईच्या मानानें फारच कोरडा असूनहि तेथें नदीकांठच्या गवताळ रानांत गेंडा नांदत होता. मोकळी शिकार व नदीकांठावरील शेतीचा विस्तार यांनीं त्याचा प्रदेश आंकुंचित केला. यावरून गेंडे पेशावरास न्यावे असें सिद्ध होत नाहीं. पुराण्या लेखांतून प्राण्याचें सामर्थ्य कळतें, आजच्या भूमीची योग्यता नव्हे.

काझीरंगा येथें हा विचार निकडीचा आहे. इ. स. १९०८ मध्यें राखीव वन झालेल्या या भूमींत २०२२ च्या गणतींत २,६१३ गेंडे आढळले. पूर हा त्या गवताळ रानाचा प्राण आहे. पण मोठ्या पुरांत पशूंस महामार्ग ओलांडून कार्बी आंगलोंगच्या डोंगरांचा आश्रय घ्यावा लागतो. पाऊस अधिक बेभरंवशाचा होत असतां अभयारण्याची हद्द सखल भागापुरतीच मानणें धोक्याचें आहे. उंचवटा, तेथवरची वाट व दूरचें दुसरें वसतिस्थान, हीं तिन्ही योजनेंत हवींत. दुधवा येथें १९८४ मध्यें गेंडे पुन्हा आणले, तें तिसऱ्याचें उदाहरण होय.

हत्तींविषयींहि असेंच. आईन-इ-अकबरींत पन्ना, रतनपूर, सरगुजा व बस्तर येथें रानहत्ती सांगितले आहेत. २०१८ मध्यें बांधवगडास व २०२१ मध्यें गडचिरोलीस हत्तींचे कळप आले, तेव्हां ते परके मानले गेले. परंतु ते जुन्या प्रदेशाच्या सीमेवरच फिरत होते. त्यांच्या वाटा आज बंद केल्या, तर उद्यां हवामान पालटतांच त्यांस सरकावयास जागा उरणार नाहीं.

म्हणून दप्तरसंग्राहकांस आमची विनंति अशी कीं, शिकारखाना, पीलखाना व कुरणें यांचे हिशेबी कागद निरुपयोगी म्हणून बाजूस टाकूं नयेत. पशूचें नांव, गांव व तिथि एवढें जरी जसेंच्या तसें उतरून ठेविलें, तरी एखाद्या प्राण्याची हरवलेली सीमा त्यावरून पुन्हा आंखतां येईल.