यादीत नसलेले विष

ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हे या ब्रिटनमधील भूशास्त्रीय संस्थेने १९९२ साली बांगलादेशातील भूजलाविषयी एक अहवाल तयार केला. त्याचे लांबलचक शीर्षक मराठीत साधारण असे होईल : 'मध्य व ईशान्य बांगलादेशातील मुख्य जलधरांचे रासायनिक स्वरूप आणि त्या भूजलाची मासे व माणसे यांना होऊ शकणारी विषबाधा तपासण्यासाठी अल्पमुदतीचा पथदर्शी प्रकल्प'. या प्रकल्पात दीडशे कूपनलिकांच्या पाण्याचे नमुने तपासले गेले. नेहमीच्या क्षारांपासून अत्यल्प प्रमाणात आढळणाऱ्या धातूंपर्यंत अनेक घटक मोजले गेले. आर्सेनिक मोजले गेले नाही.

या वगळणुकीवरून पुढे लंडनमध्ये खटला उभा राहिला आणि २००६ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सने त्याचा निकाल दिला. तो निकाल, १९९२ चा अहवाल, कोलकात्याच्या डॉक्टरांचे शोधनिबंध, जागतिक आरोग्य संघटनेची पेयजल मानके आणि २००१ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणाचे ग्रंथ अशी बरीच कागदपत्रे आज वाचायला मिळतात. तारखांच्या क्रमाने ती शेजारी शेजारी ठेवली, की काय कोणाला कधी माहीत होते हे बऱ्याच नेमकेपणाने सांगता येते.

सुरुवात कूपनलिकेपासून करावी लागते. १९७० च्या दशकापर्यंत बांगलादेशच्या खेड्यांत पिण्याचे पाणी मुख्यतः तळी, नद्या आणि उघड्या विहिरींतून येई. त्या पाण्याने हगवण, कॉलरा, विषमज्वर पसरत आणि लहान मुले मोठ्या संख्येने दगावत. यावर युनिसेफ आणि बांगलादेशचे सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी खाते यांनी हातपंपाच्या कूपनलिकांचा मार्ग धरला. साधारण पाच सेंटिमीटर व्यासाची नळी, बहुधा दोनशे मीटरच्या आत खोली आणि वर ओतीव लोखंडाचा हातपंप. गाळाच्या मऊ जमिनीत ही नळी उतरवायला फारसे कष्ट पडत नाहीत, त्यामुळे सरकारी योजना मागे पडून लोकांनीच स्वतःच्या पैशाने अंगणाअंगणात पंप बसवले. या पाण्यात रोगजंतू नव्हते आणि त्या काळी सुरक्षित पाण्याची कसोटी तेवढीच धरली गेली. बसवतेवेळच्या नेहमीच्या तपासणीत आर्सेनिकचा समावेश नव्हता. १९९७ साली युनिसेफच्या बांगलादेशविषयक अहवालात नोंद झाली, की २००० सालापर्यंत ८० टक्के लोकसंख्येला सुरक्षित पाणी देण्याचे उद्दिष्ट आधीच ओलांडले गेले आहे. या ८० टक्क्यांत कूपनलिकांचा वाटा फार मोठा होता.

दरम्यान सीमेच्या अलीकडे वेगळे कागद जमत होते. जुलै १९८३ मध्ये कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. क्षितीश चंद्र साहा यांच्यासमोर पश्चिम बंगालच्या खेड्यातील रुग्ण आले. छातीवर आणि पाठीवर पावसाचे थेंब पडल्यासारखे काळे-पांढरे ठिपके, तळहात-तळपाय घट्ट आणि खडबडीत झालेले. हे दीर्घकाळच्या आर्सेनिक विषबाधेचे लक्षण त्यांनी ओळखले आणि शोध घेता घेता ते कूपनलिकेच्या पाण्यापर्यंत पोहोचले. १९८४ साली इंडियन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात पश्चिम बंगालमधील या विषबाधेवर निबंध छापून आला. १९८८ साली डॉ. देबेंद्रनाथ गुहा मजुमदार आणि सहकाऱ्यांचा निबंध खुद्द जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा विषय त्याच्या शीर्षकातच होता : ग्रामीण पश्चिम बंगालमध्ये कूपनलिकेचे पाणी पिऊन होणारी दीर्घकालीन आर्सेनिक विषबाधा. कोलकात्याच्या रुग्णांमध्ये बांगलादेशातून आलेली माणसेही होती, अशी १९८७ पर्यंतची नोंद आहे.

याला आणखी एक कागद जोडून वाचावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९५८ साली पेयजलाची पहिली आंतरराष्ट्रीय मानके काढली, तेव्हापासून आर्सेनिक त्यांत आहे. तेव्हा मर्यादा लिटरमागे २०० मायक्रोग्रॅम होती. १९६३ साली ती ५० झाली आणि १९९३ साली तात्पुरती म्हणून १० वर आली. म्हणजे १९९२ साली जगाच्या यादीत आर्सेनिक होते, कोलकात्याच्या निबंधांत होते आणि कोलकात्याला पोहोचलेल्या बांगलादेशी रुग्णांच्या त्वचेवरही होते. बांगलादेशात तपासायच्या घटकांच्या यादीत मात्र नव्हते.

ते मोजणे अवघड होते का? पाण्यातील आर्सेनिक डोळ्यांना दिसत नाही, त्याला रंग-वास-चव नसते आणि उकळून ते जात नाही. पण ते ओळखण्याची रीत एकोणिसाव्या शतकातील आहे. सोमल घालून केलेले खून उघडकीस आणण्यासाठी जेम्स मार्श या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने १८३६ साली कसोटी प्रसिद्ध केली. तिचेच सुधारित रूप पुढे खेड्यापाड्यांत वापरल्या जाणाऱ्या तपासणी संचात आले. बाटलीत पाण्याचा नमुना घ्यायचा, त्यात आम्ल आणि जस्ताची पूड टाकायची. जस्त आणि आम्लापासून हायड्रोजन निघतो, पाण्यातील आर्सेनिक त्याच्याशी संयोग पावून आर्सिन वायूच्या रूपाने वर येते. बाटलीच्या तोंडाशी मर्क्युरिक ब्रोमाइड लावलेली कागदी पट्टी असते. वायू लागला की ती आधी पिवळी आणि प्रमाण जास्त असेल तर तपकिरी होते. तो रंग संचासोबतच्या रंगपट्टीशी ताडून आकडा वाचायचा. अचूक आकड्यासाठी प्रयोगशाळा लागते आणि तिथेही त्या काळी आर्सेनिक वायुरूपात काढण्याची वेगळी जोडणी बहुधा करावी लागे. एकाच वेळी अनेक धातू मोजणाऱ्या यंत्रातून त्या काळी ते अल्प प्रमाणात आपसूक सापडत नसे. म्हणजे ते शोधायचे आधी ठरवावे लागे.

हे ठरले नाही, याचे एक कारण भूशास्त्रीय समजुतीत होते. आर्सेनिकचे पाणी म्हटले की खाणी, ज्वालामुखीचे खडक, गरम झरे असे प्रदेश डोळ्यांसमोर येत. गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना यांनी हिमालयातून वाहून आणलेल्या गाळाच्या मैदानाकडे कोणी संशयाने पाहत नव्हते. प्रत्यक्षात घडत होते ते असे. वाळूच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा पातळ लेप असतो आणि त्या लेपाला आर्सेनिक चिकटलेले असते. गाळात गाडल्या गेलेल्या वनस्पतींच्या अवशेषांवर सूक्ष्मजीव जगतात आणि पाण्यातला प्राणवायू संपवतात. मग लोहाचा लेप विरघळतो आणि त्याच्यासोबत आर्सेनिकही पाण्यात उतरते. बांगलादेशच्या संदर्भात हे स्पष्टीकरण १९९८ साली 'नेचर'मध्ये आले. जुन्या, खोलवरच्या थरांत ही क्रिया फारशी होत नाही, म्हणून तिथले पाणी बहुतांशी निर्धोक असते. उथळ आणि भूशास्त्रीय दृष्ट्या तरुण गाळ मात्र घातक ठरला आणि बहुसंख्य हातपंप नेमके त्याच गाळात उतरवलेले होते.

१९९३ साली बांगलादेशच्या सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी खात्याला पश्चिमेकडील चापाई नवाबगंज जिल्ह्यातील कूपनलिकांत आर्सेनिक सापडले. तो जिल्हा पश्चिम बंगालला लागून आहे. जादवपूर विद्यापीठातील दीपंकर चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी सीमेच्या दोन्ही बाजूंनी हजारो नमुने तपासून प्रश्नाचा आवाका दाखवायला सुरुवात केली. १९९८ मध्ये ढाक्यात आंतरराष्ट्रीय परिषद भरली. त्यानंतर जे राष्ट्रीय सर्वेक्षण झाले, त्यात बांगलादेशच्या खात्यासोबत काम करणारी संस्था ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हेच होती.

२००१ साली प्रसिद्ध झालेले त्याचे निष्कर्ष आजही आधारभूत मानले जातात. देशाच्या ६४ पैकी ६१ जिल्ह्यांतून ३,५३४ कूपनलिकांचे नमुने घेतले गेले. दीडशे मीटरपेक्षा उथळ कूपनलिकांपैकी २७ टक्के कूपनलिकांत बांगलादेशच्या ५० मायक्रोग्रॅम या मर्यादेपेक्षा जास्त आर्सेनिक निघाले, तर ४६ टक्क्यांत जागतिक आरोग्य संघटनेच्या १० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त. दीडशे मीटरपेक्षा खोल कूपनलिकांत ५० ची मर्यादा ओलांडणाऱ्या केवळ एक टक्का होत्या. चांदपूर जिल्ह्यात मात्र ५० ची मर्यादा ओलांडणाऱ्या कूपनलिकांचे प्रमाण सुमारे ९० टक्के होते. ५० पेक्षा जास्त आर्सेनिकचे पाणी पिणाऱ्यांची संख्या साडेतीन कोटींपर्यंत आणि १० पेक्षा जास्त असलेले पिणाऱ्यांची ५.७ कोटींपर्यंत असावी, असा अंदाज त्यात आहे. कामाची आणखी एक गोष्ट या सर्वेक्षणाने आकड्यांनिशी दाखवली. शेजारशेजारच्या दोन कूपनलिकांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. त्यामुळे जिल्ह्याच्या नकाशावरून एखाद्या घरच्या पाण्याविषयी काही सांगता येत नाही, प्रत्येक पंप वेगळा तपासावा लागतो. पुढच्या काही वर्षांत जवळपास ५० लाख पंप तपासून घातक पंपांना तांबडा आणि निर्धोक पंपांना हिरवा रंग दिला गेला. संस्थेने आपली सगळी आकडेवारी सर्वांसाठी खुली केली, ही नोंदही न्यायाने करायला हवी.

कॅलिफोर्निया विद्यापीठाचे ॲलन स्मिथ आणि सहकारी यांनी २००० साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये याला एखाद्या लोकसमूहाची इतिहासातील सर्वांत मोठी विषबाधा म्हटले आणि तिची व्याप्ती भोपाळ व चेर्नोबिलच्याही पलीकडची असल्याचे लिहिले. बारा वर्षांपूर्वी गुहा मजुमदार यांचा निबंध ज्या बुलेटिनमध्ये आला होता, तेच हे बुलेटिन.

आता खटल्याकडे. ब्राह्मणबाडिया जिल्ह्यातील एका ग्रामस्थाने, ब्रिटिश जिऑलॉजिकल सर्व्हे ज्या नॅचरल एन्व्हायर्नमेंट रिसर्च कौन्सिलच्या अखत्यारीत येते, तिच्यावर दावा लावला. अहवालात आर्सेनिक तपासले नाही आणि तपासले नसल्याचा इशाराही दिला नाही, त्यामुळे पाणी पिण्यालायक असल्याचा समज झाला, असे त्याचे म्हणणे होते. संस्थेचे म्हणणे असे, की हा मर्यादित हेतूचा अभ्यास होता, बांगलादेशच्या पाणीपुरवठ्याला दिलेले प्रमाणपत्र नव्हे. २००३ साली उच्च न्यायालयाने दावा चालू द्यावा असे ठरवले. २००४ साली अपील न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने तो फेटाळला आणि जुलै २००६ मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने त्यावर शिक्कामोर्तब केले. लॉर्ड हॉफमन यांच्या निकालाचा गाभा असा : एखाद्याजवळ तज्ज्ञ ज्ञान आहे एवढ्यावरून साऱ्या जगासाठी ते वापरण्याचे कायदेशीर कर्तव्य त्याच्यावर येत नाही. बांगलादेशच्या पाणीपुरवठ्यावर संस्थेचे नियंत्रण नव्हते आणि जबाबदारीही नव्हती.

हा निकाल नीट वाचला पाहिजे, कारण दोन्ही बाजूंनी त्याचा चुकीचा अर्थ काढला जातो. आर्सेनिक तपासायला हवे होते की नव्हते, यावर साक्षीपुरावे घेऊन कधीच सुनावणी झाली नाही. कर्तव्यच नाही असे ठरल्यावर चूक झाली का, हा प्रश्नच उरला नाही. म्हणजे न्यायालयाने संस्थेला दोषी ठरवले नाही, आणि तो अभ्यास योग्य होता असाही निर्वाळा दिला नाही. तो निवाडा कागदपत्रे वाचणाऱ्यांवर सोपवला गेला आहे.

माझा निवाडा सांगतो. १९९२ साली आर्सेनिक न तपासणे ही त्या काळच्या अनेकांनी मिळून केलेली चूक होती. पंप बसवणाऱ्या संस्थांनी ती वीस वर्षे आधी केली होती. ज्या अहवालाच्या शीर्षकात 'माणसे' आणि 'विषबाधा' हे शब्द आहेत, त्याने आपण काय तपासले नाही हे ठळकपणे सांगणे मात्र त्या काळच्या ज्ञानातही शक्य होते. त्यासाठी कोणत्याही यंत्राची गरज नव्हती, एक वाक्य पुरले असते. ते वाक्य नसल्याची किंमत ढाक्यात किंवा लंडनमध्ये कोणाला मोजावी लागली नाही; ती खेड्यांत हे पाणी पिणाऱ्यांनी मोजली, आणि तीही उशिरा. त्वचेवर डाग उमटायला साधारण दहा वर्षे लागतात आणि मूत्राशय व फुफ्फुसांचे कर्करोग त्याहूनही उशिरा येतात. २०१६ साली ह्यूमन राइट्स वॉचने नोंदवले, की बांगलादेशात अजूनही सुमारे दोन कोटी लोक ५० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त आर्सेनिकचे पाणी पितात.

महाराष्ट्राच्या काळ्या पाषाणाची भूरचना वेगळी आहे. आपल्याकडे भूजलात चिंता करायची ती मुख्यतः यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडसारख्या जिल्ह्यांतील फ्लोराइडची आणि ठिकठिकाणच्या नायट्रेटची. आपल्या गावांत पावसाळ्याच्या आधी आणि नंतर पाण्याच्या स्रोतांची पाहणी होते, जलसुरक्षक नमुने नेतात, ग्रामपंचायतीला हिरवे, पिवळे किंवा लाल कार्ड मिळते. हे काम मोलाचे आहे. पण कार्ड मुख्यतः स्रोताच्या आसपासची स्वच्छता आणि साथीच्या रोगांचा धोका पाहून दिले जाते. हिरवे कार्ड आहे म्हणून फ्लोराइड नाही, असे होत नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती. आपल्या विहिरीचा किंवा बोअरवेलचा तपासणी अहवाल ग्रामपंचायतीत किंवा सोसायटीत मागून घ्या. 'पिण्यास योग्य' हा शेरा वाचून थांबू नका. कोणते घटक तपासले याची यादी पाहा, आणि आपल्या भागात ज्याचा धोका आहे तो घटक तिच्यात नसेल तर लेखी अर्ज करून तो तपासून घ्या.